बिनखिडकीची खोली

मेहबूबचाचा माणसाला पाठीवरून ओळखतात. शहाद्याच्या जुन्या गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. दुरुस्तीला आलेली गादी ते जमिनीवर पसरतात, तिच्यावरून एकदा तळहात फिरवतात आणि सांगतात, हा माणूस डाव्या कुशीवर झोपतो, किंवा ह्या बाईंची कंबर धरलेली आहे, त्यांना कडेला जरा जास्त कापूस भरू. माणूस रोज जिथं पाठ टेकतो तिथं कापूस बसतो. हळूहळू त्याच्या अंगाचा एक खळगा तयार होतो. खोळ बदलली तरी खळगा जात नाही. गादी उसवून कापूस नव्यानं पिंजला तरच तो मोडतो.

प्रकाशा गावातल्या एका धर्मशाळेच्या गाद्या त्यांच्याकडे यायच्या. त्या मात्र सगळीकडून सारख्याच दबलेल्या, पाटासारख्या. रोज नवा यात्रेकरू, रोज नवी पाठ. चाचा त्यांवर हात फिरवून म्हणायचे, "ह्या गाद्यांना कुणी माणूसच नाही."

त्यांच्या वडिलांनी त्यांना एक नेम घालून दिला होता. माणूस गेलं की त्याची गादी घरात ठेवायची नाही, तिचा कापूस पिंजून घरातल्या दुसऱ्या कुणासाठी भरायचा नाही. ती एखाद्या गरजवंताला देऊन टाकायची. चाचांनी हा नेम अनेक घरांना समजावून सांगितला होता. कुणी तरुण पोरगा हसून विचारायचा, "ठेवली तर काय होईल चाचा?" चाचा दाभणात दोरा ओवत शांतपणे म्हणायचे, "काही नाही. कापूस विसरत नाही, एवढंच."

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, दुकानामागच्या आतल्या खोलीत, शहाबानोची गादी तीन वर्षं तशीच पडून होती.

गादी दुहेरी होती. लग्नानंतर चाचांनी ती स्वतः भरली आणि शहाबानोनं टाके घातले, लाल दोऱ्याचे, एका ओळीत, जणू पट्टी लावून. दर दोन-चार वर्षांनी कापूस पिंजून ती नवी व्हायची, टाके मात्र लालच. आता चाचा उजव्या बाजूला निजत. डावी बाजू रिकामी होती.

न वापरलेल्या गादीचं काय होतं हे चाचांना ठाऊक होतं. तिला दोन उन्हं दाखवली की दबलेला कापूस श्वास घेतल्यासारखा वर येतो. त्यांनी ती गादी गच्चीवर नेऊन उन्हात घातली. एकदा नाही, प्रत्येक उन्हाळ्यात. संध्याकाळी ती फुगून सारखी व्हायची. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ते निजायला यावेत, तर डाव्या बाजूला तो खळगा पुन्हा हजर. खांद्याशी रुंद, कमरेशी खोल आणि पायाशी थोडा आखडलेला. शहाबानो पाय पोटाशी घेऊन निजायची.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

सुरतेहून लेकीचा, अंजुमचा, फोन आला तेव्हा चाचा दुकानात खोळी मोजत होते. अंजुमचा नवरा मुजफ्फर तिथल्या एका प्रवास कचेरीत कामाला होता. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या जहाजावर तो गिऱ्हाइकांना घेऊन निघाला होता. अंजुम आणि त्यांची मुलगी मदिहा बरोबर होत्याच. "आणि अब्बा, तुम्ही पण येणार," अंजुम म्हणाली. "नाही ऐकायचं नाहीये मला."

"मी समुद्रावर जाऊन काय करू?"

"काही करू नका. बसा. आयुष्यभर काही ना काही करतच आलात."

मग मुजफ्फर फोनवर आला. त्यानं व्हिडिओ लावला आणि गिऱ्हाइकांना समजावतो तसं समजावलं. "अब्बा, आमची तिघांची एक खोली झाली. तुमची वेगळी. एकट्याला घेतली तरी भाडं दोघांचंच लागतं, त्याची फिकीर तुम्ही करू नका, कचेरीकडून सवलत आहे. तुम्ही फक्त सांगा कुठली हवी. एक आहे आतली, जहाजाच्या पोटात. तिला खिडकी नाही. दुसरी खिडकीची. तिसरी गॅलरीची, दार उघडून बाहेर बसता येतं. चौथी म्हणजे बंगलाच, ती आपल्याला नको. आणि पलंग जोडून हवेत की वेगवेगळे, तेही सांगा. जुम्म्यापर्यंत नक्की करायचंय."

"मला काय, पाठच टेकायची ना?" चाचा म्हणाले. "आतली लिही. बिनखिडकीची चालेल मला."

शेजारच्या चहावाल्या इंद्रसिंगनं सगळं ऐकलं होतं. तो चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "चाचा, तठे फोमन्या गाद्या ऱ्हातीस! तुमले नींद लागी का?"

"गादी न्यायला परवानगी असेल तर डोक्यावर घेऊन चढतो," चाचा म्हणाले आणि दोघंही हसले.

त्या दुपारी चाचा आतल्या खोलीत निजायला गेले. खोलीच्या आढ्याला त्यांच्या वडिलांचं हातपिंजण टांगलेलं आहे, धनुष्यासारखं, ताणलेल्या लांब दोरीचं, तातीचं. यंत्र आल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही. चाचा उजव्या बाजूला आडवे झाले. बाहेर गल्ली शांत होती. आणि तात वाजली. एकदाच. कुणी जाता जाता बोट लावावं तशी. तिचा घुमारा खोलीत बराच वेळ राहिला.

त्या खोलीत वारा येत नाही. वारा यायला जागाच नाही.

चाचांनी डावीकडे हात नेला. खळग्यातला कापूस कोमट होता. आणि तीन वर्षांत रोज नाही, पण वरचेवर जे ऐकू यायचं तेच आलं. मोठ्यानं नाही. धाप लागलेल्या माणसाचं बोलणं, अर्धं हवेत विरणारं. विचारलं का, एवढंच.

"इचारं का?"

चाचा उठून बसले. आपण सकाळी स्वतःच्या तोंडानं काय बोललो ते त्यांना आठवलं. बिनखिडकीची चालेल मला.

शहाबानोला दमा होता. तीस-पस्तीस वर्षं ती दुकानाच्या मागच्या अंगाला बसून गाद्यांना टाके घालायची. पिंजताना उडालेला कापूस केसांवर, पापण्यांवर बसायचा, तसाच तो छातीतही बसला. शेवटच्या वर्षी तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं तिची खाट खिडकीशी होती. खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला खूप जपलं. घरी सोडताना त्यांनी चाचांना बाजूला घेऊन सांगितलं, हिला हवेशीर खोलीत ठेवा.

घराची रचना अशी की पुढं दुकान, तिथं सदा कापूस उडणारा. मागं ही एकच खोली. तिच्या दोन भिंती शेजारघरांना लागून आणि मागची भिंत रतिलालभाई पाटलांच्या अंगणात उघडी. त्या अंगणात मोठा कडुनिंब आहे. भिंतीत खिडकी पाडली असती तर निंबाची हवा थेट गादीवर आली असती.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी शहाबानो म्हणाली, "ह्या भिंतीला एक खिडकी करा. रतिलालभाईंना विचारा."

विचारायचं एवढंच होतं. पण चाचांना ते विचारवेना. त्याला कारण होतं. ही भिंत बांधली तेव्हा रतिलालभाईंच्या वडिलांनी हरकत घेतली होती. आमच्या अंगणात बायाबापड्यांची न्हाणी आहे, तिकडं तुमचं उघडं नको. तेव्हा चाचांच्या वडिलांनी चार माणसांत शब्द दिला होता, "आमच्या भिंतीला कधी डोळा फुटणार नाही." बाप गेला, तो म्हातारा पाटील गेला, अंगणातली न्हाणी जाऊन घरात मोरी झाली, पण शब्द भिंतीत चिणलेला राहिला. पिंजाऱ्याच्या घरात दुसरं काय होतं? शब्दच होता.

चाचा रोज ठरवायचे, आज विचारू. रतिलालभाई ओट्यावर दिसायचे, रामराम व्हायचा, कापसाच्या भावाचं बोलणं व्हायचं आणि चाचा परत यायचे. आत आल्यावर गादीवरून प्रश्न यायचा, "इचारं का?" लग्नसराई होती, धानोऱ्याहून नवरीच्या गाद्यांची मोठी मागणी आली होती. "उद्या विचारतो," चाचा म्हणायचे. आणि एके दिवशी, तिनं दिवसात तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "विचारलं. रतिलालभाई नाही म्हणतात."

शहाबानोनं मान वळवली. तिनं भिंतीकडं पाहिलं. एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण पुढं काही दिवसांनी तिनं पुन्हा विचारायला सुरुवात केली. "पुन्हा एकदा इचारा ना. इचारं का?" अगदी शेवटपर्यंत. चिडून नाही, लहान मुलाला धडा विचारावा तसं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी ती गेली, भिंतीकडं तोंड करून. रतिलालभाईंनी खांदा दिला. चाचांना तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांत नीट बघता आलेलं नाही. बिचारी हीच समजूत घेऊन गेली की चांगल्या शेजाऱ्यानं वीतभर हवा नाकारली.

चाचांनी मुजफ्फरला फोन लावला. "आतली नको. खिडकीची लिही."

"बघा, मी म्हणतच होतो," मुजफ्फर खूष झाला. "समुद्र मस्त दिसतो अब्बा. काच ही एवढी जाड."

"काच? उघडत नाही?"

"नाही हो! जहाजाची खिडकी उघडून कसं चालेल? पाणी आत येईल. आतमध्ये एसी असतोच."

दिसतं पण हवा येत नाही, अशी खिडकी चाचांनी मनात उभी केली. तिच्यामागं धापा टाकणारं माणूस उभं केलं. छे.

"गॅलरीचं दार उघडतं म्हणालास ना?"

"उघडतं. वारा म्हणजे काय, टोपी सांभाळावी लागेल."

"मग ती लिही. आणि पलंग जोडून."

फोन अंजुमनं घेतला असावा. "अब्बा," ती जपून म्हणाली, "तुम्ही एकटेच आहात ना खोलीत? वेगवेगळे ठेवू या का, फिरायला जागा होईल."

"जोडून लिही बेटा. आणि मला डावी बाजू दाराकडची पाहिजे."

"डावी कशाला? तुम्ही तर उजवीकडे..." बोलता बोलता ती थांबली. मग अंजुम एवढंच म्हणाली, "बरं अब्बा."

चाचांना वाटलं, सुटलो. इथं नाही झालं ते तिथं होईल. दार उघडं ठेवू, सगळ्या समुद्राचा वारा डाव्या बाजूवर घेऊ, मग तरी ती विचारणार नाही. ह्या एका समजुतीवर त्यांनी बॅग भरायला घेतली. पण दुपारी निजले की खळगा तसाच असायचा. उलट जरा अधिकच खोल वाटायचा, कुणीतरी कुशीवर वळून त्यांच्याकडं तोंड केल्यासारखा. आणि प्रश्न आता रोज येऊ लागला. जहाजाचं नाव नाही, समुद्राचं नाव नाही. तेच दोन शब्द.

जुम्म्याच्या सकाळी ते रतिलालभाईंच्या घरी गेले. पुढच्या आठवड्यात चार दिवस घर बंद राहणार, जादाची किल्ली आधीच शेजारी ठेवायची होती. रतिलालभाई अंगणात निंबाखाली खाटेवर बसले होते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. सरलाबाई गहू पाखडत होत्या. शहाबानोच्या त्या जिवाभावाच्या. दोघींचा लोणच्याच्या बरण्यांचा व्यवहार वर्षानुवर्षांचा.

सरलाबाईंनी किल्ली पदराला बांधली आणि विचारलं, "मेहबूबभाई, मंग कोनती खोली लिधी जहाजवर?"

"गॅलरीची, भाभी."

"चांगलं करं." सुपाला एक झोका देऊन त्या म्हणाल्या, "शहाबानोले खिडकीनं लई याड व्हतं."

निघायला वळलेले चाचा थांबले. शहाबानोनं खिडकीचं ह्यांना कधी सांगितलं? नकाराची गोष्ट ह्यांच्या कानावर गेली की काय?

सरलाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप दिवस सांभाळून ठेवलेली वस्तू परत करताना माणूस जसं बघतं, तसं त्यांनी पाहिलं.

"तुम्ही धानोराले गाद्या द्याले गयथात ना, त्या दिवसनी गोष्ट शे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्या खिचडी घेऊन शहाबानोकडं गेल्या होत्या. शहाबानोनं त्यांचा हात धरून विचारलं होतं, भाभी, भाईंनी खिडकीला नाही का म्हटलं? सरलाबाई चकित झाल्या. "मी म्हणनू, आमले तं कोनी इचारं बी नही! आत्तेच भिंत फोडाले लावस." तेव्हा शहाबानोनं सरलाबाईंना शपथ घातली होती. भिंत फोडायची नाही आणि ह्यांना कळू द्यायचं नाही.

"मी तिले म्हणनू, बाई, जीवपेक्षा मोठं काय शे? ती म्हणे, 'भाभी, आज गवंडी उना तर ते जलमभर मन्हाकडे देखाव नहीत. मी रोज इचारसू. एक दिवस ते इचारतीन. त्यास्ले इचारू द्या.'"

अंगणात निंबाची पानं पडत होती. रतिलालभाईंना बोलणं ऐकू गेलं नसावं, पण बायकोच्या तोंडाकडं बघून त्यांना विषय कळला. त्यांनी काठीनं निंबाच्या बुंध्याकडं दाखवलं. तिथं सागाची एक जुनी चौकट टेकून उभी होती, लोखंडी गजांची, दोन फळ्यांची. चाचांनी ती कितीदा पाहिली होती. त्यांना वाटायचं, जुनं लाकूड आहे, पडलंय.

"प्रकाशाना मळाना घरनी चौकट शे," रतिलालभाई बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "तुन्हा करता आनेल व्हती. तीन साल व्हयनात. तू काही इचारस नही, मी काही बोलस नही. सरलानी माले बी शपथ घालेल."

चाचा खाटेच्या कडेला बसले. त्यांना आता तो रोजचा प्रश्न वेगळा ऐकू येत होता. तिला उत्तर माहीत होतं. तरी ती रोज विचारत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिनं त्यांना खरं करायची एक संधी दिली. अंगात श्वास नव्हता आणि जो होता तो ती ह्या दोन शब्दांवर खर्च करत होती. गेल्यावरही तिनं ते काम सोडलेलं नव्हतं.

समुद्राच्या वाऱ्यानं हे फिटणार नव्हतं. कुठली खोली घ्यायची हा प्रश्न मुजफ्फरचा होता. हिचा प्रश्न ह्या अंगणातला होता.

त्यांनी टोपी नीट केली. रतिलालभाईंच्या कानाशी वाकले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "रतिलालभाई, मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू का?"

सरलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, त्यांचं त्यांनाच कळत नसावं. "आते इचारी ऱ्हायनात, मेहबूबभाई?"

"पाड रे बाबा," रतिलालभाई म्हणाले. "चौकटले उधई लागाना आधी पाड."

नमाज झाल्यावर चाचा सुपडू गवंड्याला घेऊन आले. भिंत जुन्या मातीविटांची, चांगली जाड होती. चाचांनी गादी बाजूला घेतली, तिच्यावर चादर टाकली. सुपडूनं छिन्नी लावली आणि पहिली वीट आत ढकलली, तसा उन्हाचा एक पट्टा खोलीत शिरला. त्यात धूळ आणि कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, किती वर्षांचे कोण जाणे. मग निंबाच्या हवेची झुळूक आली. आढ्याला टांगलेली तात वाजली. ह्या वेळी सुपडूनंही वर पाहिलं.

"वारा लागना, चाचा."

"हो," चाचा म्हणाले, "वारा."

चौकट बसली. संध्याकाळच्या आत सुपडूनं कडेनं गिलावा केला. तो गेल्यावर चाचांनी गादी पुन्हा अंथरली, ह्या वेळी डावी बाजू खिडकीकडं करून. ते गुडघ्यांवर बसले. खळगा होता तसाच होता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"इचारं," ते म्हणाले. उत्तर आलं नाही.

मुजफ्फरचा फोन वाजत होता. "अब्बा, जुम्मा आहे. गॅलरीची पक्की करतो, जोडपलंग, डावीकडे दार. बरोबर?"

"नाही बेटा. आतली लिही."

"पुन्हा आतली?" मुजफ्फरचा आवाज चढला आणि सासऱ्यासाठी खाली आला. "अब्बा, गिऱ्हाइकंसुद्धा इतक्या वेळा बदलत नाहीत. गॅलरी मिळतेय तर आतली कशाला? तिथं दिवा बंद केला की दिवस आहे का रात्र, कळत नाही."

"म्हणूनच," चाचा म्हणाले. "आणि पलंग वेगळे असले तरी चालतील."

ह्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अंजुमनं विचारलं नाही. तिला बापाच्या आवाजात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं आणि तेवढं तिला पुरलं.

जहाज खरंच गावाएवढं होतं. चाचांनी मदिहाचा हात धरून ते सगळं फिरून पाहिलं. वरच्या मजल्यावर उभं राहून त्यांनी समुद्र पाहिला, टोपी एका हातानं धरून. जेवणाच्या दालनात खुर्चीची गादी दाबून पाहिली आणि "फोम" असं हळूच म्हणाले, तर मदिहा हसून हसून वाकली. दुपारी सगळे खेळ बघायला गेले. चाचा आपल्या खोलीत आले.

खोली लहान, स्वच्छ होती. दोन अरुंद पलंग, मध्ये चालण्यापुरती जागा. भिंतीवर समुद्राचं एक चित्र होतं. त्यांनी दोन्ही गाद्यांवरून हात फिरवला. धर्मशाळेच्या गाद्यांसारख्याच, कुणाचाही खळगा नसलेल्या. मग त्यांनी दिवा बंद केला.

भरदुपारी असा अंधार त्यांनी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच. भिंत कुठं आहे ते हातानं चाचपावं लागत होतं. बाहेर केवढा वारा असेल, पण इथं त्याचा मागमूस नव्हता. चाचा कुशीवर वळले, भिंतीकडं तोंड करून, आणि पाय पोटाशी घेतले. ती जशी निजायची तसे. अशा खोलीत तिनं तो सगळा उन्हाळा काढला होता. ते रोज तिच्या शेजारी निजले होते, पण अंधार तिचा एकटीचा होता. आज तो त्यांच्या अंगावर आला. दिव्याच्या बटणाकडं त्यांचा हात गेला आणि त्यांनी तो मागं घेतला. ते तसेच पडून राहिले.

त्यांनी कान देऊन वाट पाहिली. शेजारच्या पलंगाकडं हात लांबवला. चादर गार होती. कुणी काही विचारलं नाही. त्या दुपारी नाही, परतीच्या दिवशीही नाही. ती आलीच नव्हती.

घरी परतले तेव्हा सरलाबाई किल्ली घेऊन आल्या. "खिडकी मी रोज सांजले लोटी देत व्हतू," त्या म्हणाल्या, "पन सकायले यीसन देखू तं उघडी. त्या सुपडूनी कडी धड बसाडेल नही, मेहबूबभाई. त्याले बलावा."

"बोलावतो," चाचा म्हणाले.

आत खोलीत ऊन आलं होतं. कडी त्यांनी लावून पाहिली. ती घट्ट बसत होती. त्यांनी ती पुन्हा काढली आणि दोन्ही फळ्या उघड्या ठेवल्या. गादीच्या डाव्या बाजूवर निंबाची चार-दोन पानं पडली होती. चाचांनी ती वेचली आणि तिथं हात फिरवला. कापूस वर आला होता. खांद्याशी, कमरेशी, पायाशी सगळीकडं सारखा, लाल टाक्यांच्या ओळींमध्ये मऊ आणि भरलेला. खळगा होता तो फक्त उजवीकडं, त्यांचा स्वतःचा.

गादी आता कापूस पिंजून कुणा गरजवंताला द्यायला हवी होती. नेम होता. दाभण आणि कात्री घेऊन ते बसले, टाके उसवायला. पहिल्या लाल दोऱ्याशी कात्री नेली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. खिडकीबाहेर सरलाबाई निंबाखाली झाडत होत्या. वारा आत येत होता. तात स्वस्थ होती.

"उद्या," चाचा म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एकदा खिडकीकडं पाहिलं आणि पहिला टाका कापला.